इंग्रजी शिकण्याचा हिशेब: पैसे कुठे द्यायचे, कुठे वाचवायचे

इंग्रजी शिकण्याचे तीन भाग असतात: व्याकरण, शब्द आणि बोलण्याचा सराव. पहिले दोन पाचशे-सातशे रुपयांत घरच्या घरी होतात. तिसऱ्यासाठी समोर माणूस लागतो, तुमचं बोलणं ऐकून चूक तिथल्या तिथे सुधारणारा. पैसे द्यायचेच तर त्याच्या वेळेचे द्या. बरेच क्लास फी तिसऱ्या भागाची घेतात आणि शिकवतात पहिले दोन, तेही फळ्यावरून वहीत उतरवून. म्हणून फी भरण्याआधी हे वाचा.

किती दिवस लागतात?

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ ही पाटी दिसली की पुढे चला. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने पातळीनुसार शिकवणीच्या तासांचे अंदाज दिले आहेत. शून्यापासून धरले तर दुकानात, स्टेशनवर, शेजाऱ्याशी साधं बोलण्याइतपत पातळी गाठायला १८० ते २०० तास. प्रवास, ओळखीच्या विषयावरच्या गप्पा, साधं ऑफिसचं काम निभावायला ३५० ते ४००. मीटिंगमध्ये मत मांडायला, मुलाखतीत उलट प्रश्न आला तरी न अडखळता उत्तर द्यायला ५०० ते ६००.

दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला माणूस शून्यावर नसतो. त्याला वाचता येतं, ऐकलेलं बऱ्यापैकी कळतं, तोंड तेवढं उघडत नाही. तुमचं असंच असेल तर मधल्या पातळीवरून वरच्या पातळीवर जायला दोनेकशे तास धरा. रोज एक तास दिलात तर सात महिने. तीन महिन्यांच्या क्लासचे साठ-सत्तर तास म्हणजे या वाटेचा तिसरा हिस्सा. बाकीचे दोन हिस्से घरीच चालायचे आहेत, हे धरूनच किती पैसे घालायचे ते ठरवा.

काय विकत घ्यायचं?

व्याकरणाचं एकच पुस्तक घ्या. रेमंड मर्फी यांची केंब्रिजची पुस्तकं यासाठी सर्वांत सोयीची. लाल मुखपृष्ठाचं ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ प्राथमिक पातळीसाठी, निळं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ त्यापुढच्यांसाठी. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव, एक विषय दोन पानांत संपतो. रोज एक केलात तर चार-पाच महिन्यांत पुस्तक हातावेगळं होतं. वाक्य बोलताना तुम्ही अडखळत असाल तर लाज न बाळगता लाल घ्या. निळं घेऊन विसाव्या पानावर थांबलेले लोक पुष्कळ आहेत.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. या पुस्तकांच्या उत्तरांसह आणि उत्तरांशिवाय अशा वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात. एकट्याने शिकणाऱ्याला उत्तरांशिवायची आवृत्ती निरुपयोगी, तेव्हा शेवटची पानं उघडून खात्री करा. दुसरं, नवी भारतीय आवृत्ती साधारण पाचशे रुपयांच्या आसपास मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी प्रत त्याहून स्वस्त. जुनी घेताना सरावाच्या जागा आधीच्या मालकाने पेनाने भरलेल्या नाहीत ना, ते पाहा. छायाप्रत करून बांधलेली नकली प्रत घेऊ नका. पानं गाळलेली असतात आणि छपाई पुसट असते.

घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असेल तर ती टाकू नका. मराठी वाक्य वाचून इंग्रजी वाक्य तयार करण्याची सवय तिने चांगली लागते. इंग्रजी जुनं आहे, एवढं ध्यानात ठेवा. रेन अँड मार्टिन व्याकरणाच्या परीक्षेसाठी उत्तम, बोलायला शिकण्यासाठी नको.

शब्दकोश विकत घेऊ नका. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोघांचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत, उच्चार ऐकायची सोय आहे, ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही. ऐकण्याच्या सरावासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलचं लर्न इंग्लिश, दोन्ही फुकट. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर आयआयटीसारख्या संस्थांचे इंग्रजीचे अभ्यासक्रम असतात. शिकायला पैसे नाहीत. त्यांतल्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) अभ्यासक्रमाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच हजार रुपये. प्रमाणपत्राची गरज नसेल तर तेही भरू नका.

आधी या चुका काढा

मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीतल्या चुका ठरलेल्या असतात, कारण मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजी शब्दांत जातं. त्यामुळे सगळं व्याकरण मुळापासून घोकायची गरज नाही. मुलाखतीत आणि ईमेलमध्ये ज्या खटकतात त्या आधी काढा. हे काम फुकट आहे आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

पहिली चूक ‘पासून’ची. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचं आपण ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ करतो. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’ किती काळ हे सांगायचं असेल तर ‘फॉर’, कधीपासून हे सांगायचं असेल तर ‘सिन्स’: ‘फॉर थ्री मंथ्स’, ‘सिन्स दिवाळी’. आणि गोष्ट अजून चालू असेल तर दोन्हींच्या आधी बहुधा ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’. मुलाखतीत अनुभव सांगताना हे वाक्य हमखास येतं, म्हणून स्वतःच्या नोकरीचं किंवा शिक्षणाचं वाक्य आजच तयार करून पाठ करा.

दुसरी, भूतकाळ दोनदा लावण्याची. ‘डिड यू वेंट?’, ‘आय डिडन्ट वेंट’. ‘डिड’ आला की भूतकाळ झाला. पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. ‘डिड यू गो?’, ‘आय डिडन्ट गो.’

तिसरी, ‘काल’ सोबत ‘हॅव’. ‘मी त्यांना काल भेटलो आहे’ मराठीत चालतं, ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ इंग्रजीत चालत नाही. काल, परवा, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये, असा संपलेला काळ वाक्यात असला की साधा भूतकाळ: ‘आय मेट हिम यस्टरडे.’

चौथी, ‘आहे’ दिसलं की ‘इंग’ लावण्याची. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘ही इज हॅविंग अ कार’. मालकी, नातं, माहिती, आवड सांगणाऱ्या क्रियापदांना ‘इंग’ नको. ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ ‘आय नो हिम.’ जेवण चालू असेल तेव्हा ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण ती चालू असलेली क्रिया आहे.

पाचवी चूक चांगलं इंग्रजी बोलणारेही करतात. वाक्याच्या पोटात प्रश्न आला की तो प्रश्नासारखा ठेवायचा नसतो. ‘टेल मी व्हेअर इज द बँक’ नव्हे, ‘टेल मी व्हेअर द बँक इज.’ ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ नव्हे, ‘आय डोन्ट नो व्हॉट हिज नेम इज.’ ग्राहकाशी फोनवर बोलण्याची नोकरी असेल तर दिवसाकाठी हे वाक्य अनेकदा लागतं. ते सुधारलं की बोलणं एकदम नेटकं वाटतं.

‘अ’ आणि ‘ॲन’ची गफलत मराठी माणसाला चटकन सोडवता येते. स्पेलिंग बघू नका. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर: ‘ॲन अवर’. ऑनेस्ट: ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. एमएलए: ‘ॲन एमएलए’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. वन-वे ‘व’ने, म्हणून ‘अ वन-वे रोड’. व्यवसाय सांगताना हे उपपद गाळू नका: ‘आय ॲम इंजिनियर’ नव्हे, ‘आय ॲम ॲन इंजिनियर.’ ‘द’ जरा अवघड आहे. सुरुवातीला एवढं पुरे: ऐकणाऱ्याला नेमकी कोणती वस्तू ते माहीत असेल तर ‘द’. माणसं, गावं, राज्यं यांच्या नावांना ‘द’ नाही. नद्यांना आहे, ‘द गोदावरी’.

काही शब्दांच्या पुढे आपण उगाच किंवा चुकीचा शब्द जोडतो. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘रीच टू पुणे’ नाही, ‘रीच पुणे’. ‘रिटर्न बॅक’ नाही, ‘रिटर्न’. ‘गुड इन मॅथ्स’ नाही, ‘गुड ॲट मॅथ्स’. ‘मॅरिड विथ’ नाही, ‘मॅरिड टू’. आणि काही नामांना अनेकवचन नसतं: फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क. त्यांना ‘एस’ लावू नका. ईमेलमध्ये ‘प्लीज गिव्ह मी सम ॲडव्हाइस’, ‘ॲडव्हायसेस’ नाही.

‘मीच सांगितलं’ यातला ‘च’ आपण ‘आय ओन्ली टोल्ड हिम’ असा नेतो. ऐकणाऱ्याला याचा अर्थ ‘मी फक्त सांगितलं’ असा लागतो. ‘आय टोल्ड हिम मायसेल्फ’ म्हणा. उलट ओळख करून देताना ‘मायसेल्फ सुनील’ नको. ‘आय ॲम सुनील’ किंवा ‘माय नेम इज सुनील’. मुलाखतीतलं हे तुमचं पहिलं वाक्य असतं. तेच चुकलं तर पुढचं चांगलं बोललेलंही कमी धरलं जातं.

उच्चारासाठी वेगळे पैसे मोजू नका. ‘ॲक्सेंट ट्रेनिंग’ नावाचा जादा कोर्स बहुतेकांना लागत नाही. भारतीय वळणाचं इंग्रजी स्पष्ट असलं की जगात चालतं. लक्ष द्यायचं ते न उच्चारायच्या अक्षरांकडे: ‘डेट’, ‘डाउट’ आणि ‘प्लंबर’मध्ये ‘बी’ बोलायचा नाही, ‘रिसीट’मध्ये ‘पी’ बोलायचा नाही. दुसरं लक्ष आघाताकडे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’मध्ये ‘टो’वर. तपासायला मोबाइलचं व्हॉइस टायपिंग वापरा. भाषा ‘इंग्लिश इंडिया’ निवडा आणि बोला. तुम्ही म्हणालात ते बरोबर उमटलं तर उच्चार पुरेसा आहे. ‘शिप’ म्हटल्यावर ‘शीप’ उमटलं किंवा ‘व्हेस्ट’ म्हटल्यावर ‘वेस्ट’ उमटलं, तर काय सुधारायचं ते तिथेच कळलं.

शब्द किती, कोणते?

‘दहा हजार शब्द’ असं छापलेलं पुस्तक किंवा ॲप घेऊ नका. रोजच्या इंग्रजीत वारंवार येणाऱ्या शब्दांची ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’ नावाची यादी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे २,८०० शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले दहापैकी नऊ शब्द या यादीतले असतात. ती फुकट उतरवून घेता येते. ऑक्सफर्डची तीन हजार शब्दांची यादीही फुकट आहे. रोज दहा शब्द घेतलेत तर २,८०० शब्द २८० दिवसांत होतात. त्यातले निम्मे तुम्हाला आधीच येत असतील. म्हणून पहिल्याच दिवशी यादीवर खुणा करा आणि न येणारेच वहीत घ्या. परदेशी विद्यापीठात शिकायला जाणार असाल तर नंतर ‘ॲकॅडमिक वर्ड लिस्ट’ घ्या. त्यात ५७० शब्दकुळं आहेत.

सुटा शब्द पाठ करू नका, जोडी पाठ करा. ‘डिसिजन’ आला तरी ‘डू अ डिसिजन’ म्हटलं की गेलं. ते ‘मेक अ डिसिजन’ आहे. ‘डू होमवर्क’, ‘मेक अ मिस्टेक’, ‘पे अटेन्शन’, ‘टेक अ फोटो’, ‘स्ट्राँग टी’, ‘हेवी रेन’. वहीच्या प्रत्येक ओळीत अशी जोडी आणि खाली तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. दुसऱ्याचं वाक्य उतरवलंत तर ते लक्षात राहत नाही.

मराठी क्रियापदं तर खास तपासा. विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत मात्र ‘टेक्स ॲन एक्झाम’. ‘गिव्ह’ करतो तो परीक्षक. ‘डोकं दुखतंय’ म्हणजे ‘माय हेड इज पेनिंग’ नव्हे, ‘आय हॅव अ हेडेक’. ‘लाइट गेली’ म्हणजे ‘द पॉवर इज आउट’. ‘उद्या येतो’ म्हणजे ‘आय विल कम टुमॉरो’.

आणखी एक सापळा मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा. आपल्याला वाटतं हे शब्द आपल्याला येतातच. आपलं ‘हॉटेल’ म्हणजे जेवायची जागा. बाहेर ‘हॉटेल’ म्हटलं तर मुक्कामाची खोली समजतात, जेवणासाठी ‘रेस्टॉरंट’ म्हणा. ‘झेरॉक्स’ला ‘फोटोकॉपी’. ‘स्टेपनी’ला ‘स्पेअर टायर’. गाडीच्या ‘डिक्की’ला ब्रिटनमध्ये ‘बूट’, अमेरिकेत ‘ट्रंक’. ‘पास आउट’ म्हटलं तर परदेशात तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल; ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘कझिन ब्रदर’, ‘डू द नीडफुल’ भारतातल्या ऑफिसात निभतात, परदेशी ग्राहकाला लिहिताना टाळा.

उजळणीसाठी ‘अँकी’ हे ॲप चांगलं. विसरायच्या बेताला आलेला शब्द ते पुन्हा समोर आणतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे. आयफोनवर एकदाच, पण बऱ्यापैकी किंमत मोजावी लागते. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी ॲप्स आहेत, त्यांतली काही वर्गणी मागतात. तुमच्या अँड्रॉइडवर पैशांची मागणी आली तर तुम्ही चुकीचं ॲप उतरवलंय. वहीवर पुठ्ठा ठेवून उजळणी केलीत तरी काम होतं.

क्लास लावायचाच असेल तर

फीचा आकडा ऐकून महाग-स्वस्त ठरवू नका. तुम्हाला बोलायला किती मिनिटं मिळणार, ते विचारा आणि भागाकार करा. समजा फी ९,००० रुपये, एक-एक तासाची ६० सत्रं, बॅचमध्ये २० जण. शिक्षक अर्धा तास शिकवतात, उरलेला अर्धा तास वीस जणांत वाटला तर प्रत्येकाला दीड मिनिट. साठ सत्रांत मिळून दीड तास. म्हणजे बोलण्याच्या एका मिनिटाला तुम्ही १०० रुपये मोजलेत. तीच फी सहा जणांच्या बॅचला असेल तर मिनिटाला ३० रुपये पडतात. तासाला ४०० रुपये घेणारे खासगी शिक्षक ‘महाग’ वाटतात. पण तासातला अर्धा वेळ तुम्ही बोललात तर तो दर मिनिटाला साधारण १३ रुपये होतो. आठवड्याला दोन तास त्यांच्याकडे बोला, बाकी व्याकरण नि शब्द घरी करा. माझ्या मते बहुतेकांसाठी हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दोन मित्रांनी मिळून एक शिक्षक लावला तर प्रत्येकाचा खर्च निम्मा होतो, पण बोलण्याचा वेळही वाटला जातो.

क्लासच पसंत असेल तर डेमोला जरूर जा, पण डेमो घेणारे शिक्षकच तुमच्या बॅचला असतील का, हे नाव घेऊन विचारा. चांगले शिक्षक डेमोला आणि नवखे बॅचला, ही जुनी रीत आहे. चालू बॅचमध्ये एक दिवस मागे बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर उत्तर मिळालं.

मग फी. फलकावरची फी ही सहसा पूर्ण फी नसते. नोंदणी शुल्क, पुस्तकांचा ‘किट’, परीक्षा शुल्क, प्रमाणपत्राचं शुल्क, बॅच बदलल्याचं शुल्क, हे सगळं धरून शेवटचा आकडा किती, तो कागदावर लिहून मागा. ‘बेसिक’ झाल्यावर ‘ॲडव्हान्स’ आणि मग ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ घ्यावंच लागेल का, तेही आत्ताच विचारा. जीएसटी धरून की सोडून? क्लासच्या फीवर तो १८ टक्के असतो. १२,००० ची फी १४,१६० होते. पण जीएसटी फक्त नोंदणी असलेलाच क्लास घेऊ शकतो. पावतीवर पंधरा अक्षरांचा क्रमांक हवा, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर तो २७ ने सुरू होतो, गोव्यातल्या असेल तर ३० ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घालून बघा, एका मिनिटाचं काम. क्रमांक नाही आणि कर मात्र लावलाय, तर भरू नका.

खासगी क्लासच्या प्रमाणपत्राला नोकरी देणारे फारसं महत्त्व देत नाहीत. ते मुलाखतीत तुमचं बोलणं ऐकतात. प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागितले तर नको म्हणा.

‘शंभर टक्के नोकरी’, ‘हमखास बोलाल’ अशी हमी मिळत असेल तर सावध व्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा खोट्या हमी द्यायला, ‘आज भरलंत तरच सूट’ म्हणून खोटी घाई करायला त्यात मनाई आहे. म्हणून सूट आजच संपते असं सांगितलं की घरी जा आणि उद्या फोन करा.

मध्येच सोडावं लागलं तर? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांत, पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. मात्र त्या राज्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांच्या भरवशावर राहू नका. परताव्याची अट पावतीवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं असेल तर सगळी फी एकदम भरू नका, महिन्याची महिन्याला भरा.

कागदपत्रं कोणती द्यायची? नाव, फोन आणि फार तर एक फोटो. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कधीच ठेवू नका. आधार मागितलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. पॅन कार्ड मागितलं तर थांबा, ते बहुधा कर्जासाठी असतं. ‘सोप्या हप्त्यांत’ म्हणजे बहुधा तुमच्या नावावर कर्ज. पैसे वित्त कंपनी क्लासला एकरकमी देते आणि हप्ते तुमच्याकडून घेते. क्लास बंद पडला किंवा तुम्ही सोडलात तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकवला तर तुमचा सिबिल स्कोअर खाली जातो. सही करण्याआधी कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागा. त्यात वार्षिक खर्चाचा दर लिहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जाला मन बदलण्याची मुदत द्यावी लागते, किमान एक दिवसाची. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रक्रिया शुल्क मात्र कापलं जाऊ शकतं.

ॲपची वर्गणी

‘सात दिवस फुकट’ म्हणताना ॲप तुमच्याकडून ऑटोपेची परवानगी घेतं. आठव्या दिवशी पूर्ण वर्षाचे पैसे जाऊ शकतात. ॲप मोबाइलवरून काढून टाकलं तरी वर्गणी बंद होत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शनमधून रद्द करा, यूपीआयने दिली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून परवानगी मागे घ्या. फुकट मुदत सुरू केली त्याच दिवशी रद्द करा; बहुतेक ॲप्स उरलेले दिवस तरीही वापरू देतात. पैसे कापण्याच्या २४ तास आधी संदेश येणं बंधनकारक आहे. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

परदेशासाठी परीक्षा

आयईएलटीएसची फी सध्या सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. भारतात ती आयडीपी घेते. नोंदणी थेट तिच्या संकेतस्थळावर करा. एजंटकडून करून घेतल्याने जागा लवकर मिळत नाही. पासपोर्ट लागतोच, आणि नोंदणीत दिलेलाच पासपोर्ट परीक्षेला न्यायचा. पासपोर्टचं नूतनीकरण तोंडावर आलं असेल तर आधी ते करा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच.

या परीक्षेचे दोन प्रकार आहेत: विद्यापीठासाठी ‘ॲकॅडमिक’, कॅनडासारख्या देशात स्थायिक होण्यासाठी सहसा ‘जनरल ट्रेनिंग’. चुकीचं निवडलंत तर पैसे पाण्यात. ब्रिटनच्या काही व्हिसांना आयईएलटीएसचीच ‘यूकेव्हीआय’ नावाची वेगळी परीक्षा लागते, तिची फी जास्त. तुमच्या विद्यापीठाला साधी चालते का, ते ईमेलने विचारून मगच भरा. परिचारिका आणि डॉक्टरांसाठी ओईटी या दुसऱ्या परीक्षेचाही पर्याय आहे, पण तो बराच महाग आहे.

निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून फार आधी परीक्षा देऊ नका. पाच संस्थांपर्यंत निकाल फुकट पाठवला जातो. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. एकाच भागात गुण कमी आले तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो, ६० दिवसांच्या आत. तुमचं विद्यापीठ तो धरतं का, ते आधी पाहा. गुण चुकीचे वाटले तर सहा आठवड्यांत फेरतपासणी मागा. गुण बदलले तर तिची फी परत मिळते. आणि तयारीच्या वीस-तीस हजारांच्या कोर्सआधी आयडीपीच्या फुकट सराव चाचण्या घड्याळ लावून सोडवा. वाचन आणि श्रवण घरी तयार होतं. पैसे लिहिण्याची आणि बोलण्याची तपासणी करून देणाऱ्यालाच द्या, तेही प्रत्येक निबंधामागे किती ते ठरवून.

फसलात तर

आधी क्लासला ईमेल करा: भरलेली रक्कम, तारीख, झालेली सत्रं, परत हवी असलेली रक्कम. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. या मार्गाने क्लासची फी परत मिळालेले विद्यार्थी आहेत. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. पावती, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडायचा. यातलं काही रोखीत आणि तोंडी झालं असेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून पहिला रुपयाही यूपीआयने किंवा चेकने द्या.